ठेवणीतली किंकाळी

४ मार्च, सोमवार

कानाच्या डॉक्टरांचं म्हणणं असं की कानात शिट्टी केव्हा वाजते, किती वेळ वाजते आणि तेव्हा मी काय करत असतो, हे रोज लिहून ठेवायचं आणि पुढच्या खेपेला दाखवायचं. म्हणून ही वही. आज शिट्टी दात घासताना सुरू झाली आणि चहा उकळेपर्यंत थांबली. झालं लिहून. आता समोर एवढी कोरी पानं दिसली की माझा हात थांबत नाही, त्याला मी काय करणार?

मी कार्टूनला आवाज बसवतो. आमच्याकडे चित्रं येतात ती मुकी असतात. कुणी आपटलं की धप्प, कुणी पळालं की टपटप, ते सगळं मी घालतो. स्टुडिओत मला कानसेन म्हणतात. अशा माणसाच्या कानात शिट्टी वाजावी म्हणजे आचाऱ्याच्या जिभेला फोड यावा तसं झालं.

आमची मालिका म्हणजे ‘सुसाट आणि छकुली’. दर भागात छकुली कुठेतरी अडकते आणि सुसाट येऊन तिला सोडवतो. सुसाट हा आठ-नऊ वर्षांचा पोरगा, पण त्याचा आवाज काढणाऱ्या बाई पन्नाशीच्या पुढच्या आहेत. गुडघ्याला पट्टा बांधून येतात, मधल्या वेळात लोकरीचं काहीतरी विणतात, आणि माइकसमोर उभ्या राहिल्या की “घाबरू नकोस, मी आलो!” अशी आरोळी ठोकतात की काच थरथरावी. मुलग्यांचे आवाज पुढे फुटतात, बाईचा फुटत नाही, म्हणून ही सोय. आम्ही त्यांना सुसाटमावशी म्हणतो.

छकुलीसाठी मात्र कुणाला बोलवावं लागत नाही. तिचं सगळं माझ्याकडे ठेवणीत आहे. लहान किंकाळी, मोठी किंकाळी, “वाचवा, वाचवा”, हुंदका, खुदकन हसणं आणि शेवटी “सुसाट, तू किती शूर आहेस!” हवं ते उचलायचं आणि चिकटवायचं. दिग्दर्शक तर तिचा ट्रॅक ऐकतसुद्धा नाही. म्हणतो, “तो तुझा प्रांत, कानसेन. डोळे मिटून लाव.” कुठे सांधा म्हणून कळत नाही, ही माझी हातोटी.

७ मार्च, गुरुवार

आज धक्का बसला. अजून ओसरला नाही.

चॅनलचा निरोप आला की ठेवणीतले आवाज जुने झाले, नव्या टीव्हींवर त्यांची खरखर ऐकू येते, सगळे पुन्हा रेकॉर्ड करा. म्हणून छकुलीचा आवाज दिलेल्या मुलीचा नंबर शोधून काढला आणि फोन लावला. पलीकडून चांगला भरदार, मोठ्या बाईचा आवाज आला. मागे कसलंतरी इंजिन धडधडत होतं.

“छकुलीसाठी फोन केला होता,” मी म्हणालो.

“कोण छकुली?” मग ती हसत सुटली. “अहो, मी तेव्हा शाळेत होते! एका शनिवारी बोलावलं होतं, किंचाळून घेतलं आणि आइस्क्रीम देऊन घरी पाठवलं. आता मी जहाजावर आहे, इंजिन बघते.” मग त्या धडधडीच्या वर आवाज काढून विचारलं, “थांबा थांबा. म्हणजे मी अजून ओरडतेच आहे?”

हो म्हणालो आणि फोन ठेवला.

मुलगी शाळेतून बाहेर पडली, शिकली, समुद्रावर गेली, आणि एवढ्या काळात छकुलीच्या तोंडी एक नवं वाक्य आलं नाही. आलं असतं तर तिला बोलवावं लागलं असतं ना! आणि हे कुणाच्या लक्षातही येऊ नये? मी खोलीत सगळ्यांना हे सांगितलं. सुसाटमावशींच्या सुया थांबल्या. “अरे, मग मी इतकी वर्षं वाचवत कुणाला होते?” त्या म्हणाल्या.

लेखिकाबाई कोपऱ्यात होत्या. त्या हळूच म्हणाल्या, “मी लिहायची तिला वाक्यं. सुरुवातीला. दर वेळी कापली जायची. मग सोडून दिलं.”

दिग्दर्शकाने माझ्या पाठीवर थाप मारली. “एक शनिवार इतकी वर्षं पुरवला! याला म्हणतात कारागिरी.” खोटं कशाला बोलू, ऐकून बरं वाटलं. शिट्टी दुपारभर होती.

९ मार्च, शनिवार

नवी छकुली घरातच सापडली!

माझी मुलगी, साडेसहा वर्षांची. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून तिला भिंगरी म्हणतो. आज टीव्हीसमोर बसून तिने मोठी किंकाळी मारली आणि मी स्वयंपाकघरातून धावत आलो. हुबेहूब! चढ तोच, शेवटची थरथर तीच. काल दिवसभर इतक्या जणींच्या चाचण्या घेतल्या, एकीलाही ही थरथर जमली नव्हती.

बायकोला सांगितलं. ती शहरबस चालवते आणि शिफ्ट संपवून आली की आधी पाय गरम पाण्यात सोडून बसते. ती म्हणाली, “दुसरं काही शिकव ना तिला. किंचाळायला कशाला शिकवतोस? आधीच घर डोक्यावर घेते.”

“ती घरी किंचाळते तो गोंगाट. हे काम आहे,” मी म्हणालो.

लेखिकाबाईंनीही फोनवर काहीतरी सुरू केलं, लहान मुली हे बघून काय शिकतात वगैरे. मी त्यांना एका वाक्यात गप्प केलं. म्हटलं, “बाई, माझ्या घरात आई बस चालवते आणि बाप भाजी चिरतो. माझ्या पोरीला कार्टूनने काय होणार?”

१२ मार्च, मंगळवार

रेकॉर्डिंग झालं. पोरीने नाव काढलं!

पहिले काही टेक वाया गेले, कारण भिंगरी हात हलवते. ओरडताना हात वर जातात, फ्रॉक सळसळतो आणि माइक सगळं पकडतो. मग तिला युक्ती शिकवली. दोन्ही हात पाठीमागे, एकमेकांत घट्ट. पाय जमिनीला चिकटलेले. हलायचं काही नाही, सगळा जोर पोटातून. दोनदा विसरली, मग असं जमलं की विचारू नका. शेवटी तर “टेक” म्हटलं की हात आपोआप मागे जायचे.

मध्येच तिने पडद्यावरचं चित्र बघून विचारलं, “बाबा, कडी तर आतूनच आहे. मग छकुली दार का नाही उघडत?”

काय बारीक नजर आहे! मी म्हणालो, “उघडलं तर गोष्टच संपेल ना, राणी. तू फक्त ओरडायचं. उघडायला सुसाट येतो.”

तिला पटलं. लेखिकाबाई काचेपलीकडून म्हणाल्या, “ती आलीच आहे तर एक ओळ घेऊ या का? ‘थांब, मी उघडते.’ एवढीच.” दिग्दर्शक म्हणाला, “छकुलीने उघडलं तर सुसाटने काय विणकाम करायचं?” सगळे हसले, सुसाटमावशीसुद्धा. मग आइस्क्रीम. शिट्टी अजिबात नाही.

२० मार्च, बुधवार

नव्या किंकाळ्या परवापासून सुरू झाल्या. संध्याकाळी सहाला अख्ख्या इमारतीत माझी पोरगी ओरडते! खालच्या मजल्यावर, वरच्या मजल्यावर, समोरच्या खिडकीत. जिन्यात पोरं तिला बघून “वाचवा, वाचवा” करतात. भिंगरी फुशारून गेली आहे.

लाडावली आहे मात्र. पूर्वी बाटलीचं झाकण निघालं नाही तर भिंतीवर आपटून काढायची, आता माझ्यापुढे धरून उभी राहते. शाळेतल्या बाई सांगत होत्या की मधल्या सुट्टीत वर्गाच्या दाराशी थांबते, कुणीतरी उघडेपर्यंत. राणीसाहेब झाल्या आहेत! बायकोला गंमत म्हणून सांगितलं, ती हसली नाही. दमली असेल. शिट्टी किरकोळ.

२७ मार्च, बुधवार

दवाखाना. भिंगरी आत आहे. डॉक्टर म्हणतात जिवाला धोका नाही. बाकीचं नंतर.

२९ मार्च, शुक्रवार

लिहायला बसलो आहे, कारण बायको माझ्याशी बोलत नाही आणि कुणाला तरी सांगायला हवं. ही वही डॉक्टरांना दाखवायची नाही.

बुधवारी संध्याकाळी मी कांदा परतत होतो. बाहेरच्या खोलीत टीव्ही चालू होता, मालिका सुरू होती. भिंगरी टीव्हीसमोर आहे असं मी धरून चाललो होतो. ती हात धुवायला बाथरूममध्ये गेली होती आणि सवयीने कडी लावली होती. तिथल्या हीटरवर टॉवेल होता. मीच सकाळी वाळत टाकला होता आणि संध्याकाळी हीटर लावताना काढायचा विसरलो होतो. तो पेटला.

किंकाळी मी ऐकली. हे लिहिताना मलाच माझी किळस येते. मी ऐकली, आणि मला वाटलं टीव्हीतली. पुन्हा ऐकली. “वाचवा, वाचवा.” आणि मी, कानसेन, हातात झारा धरून मनात म्हणालो, अरे वा, घुमारा काय सुंदर आलाय, चॅनलवाल्यांनी काहीतरी केलेलं दिसतंय. तो घुमारा बाथरूमच्या फरशांचा होता. मी गॅस बारीक केला, एवढंच.

खालच्या आजींनीही ऐकलं होतं. त्या दवाखान्यात रडत रडत सांगत होत्या, “रोजच ओरडते ना हो ती या वेळेला. आम्ही म्हटलं, कार्टून.”

बायको जिना चढत होती. तिला जिन्यातच धूर कळला, माझ्या नाकात कांदा होता. ती माझ्या अंगावरून धावत गेली आणि दारावर थापा मारू लागली. दाराखालून धूर येत होता.

“भिंगरी! कडी काढ!”

आतून किंकाळी.

“कडी काढ गं! तुझ्या हाताशी आहे!”

पुन्हा किंकाळी, मग खोकला, मग काहीच नाही. बायकोने दोन पावलं मागे येऊन दारावर खांदा घातला. तिसऱ्या धडकेला बिजागरी निघाली. मी मागे उभा होतो. मी काय करत होतो ते मला आठवत नाही.

भिंगरी दाराच्या अगदी जवळ, भिंतीला टेकून बसली होती. कडी तिच्या डोक्याच्या जरा वर होती, उभी असती तर छातीशी आली असती. घट्ट नव्हती, गंजलेली नव्हती, मी नंतर जाऊन बघितली. बोटाने सरकते.

तिचे दोन्ही हात पाठीमागे होते. एकमेकांत घट्ट. बायकोला ते सोडवावे लागले.

१ एप्रिल, सोमवार

घरी आणली. छाती साफ आहे, घसा मात्र धुराने सुजला आहे. दोन दिवस बोलू द्यायचं नाही, फार तर कुजबूज. चहाच्या कपाशी बोटांनी खेळत बसते. भिंगरी म्हणायची सोय राहिली नाही.

दुपारी बायकोने तिला मांडीवर घेऊन विचारलं, “बाळा, कडी का नाही काढलीस?”

तिने आईच्या कानाशी तोंड नेलं आणि बराच वेळ काहीतरी सांगितलं. बायको ऐकत राहिली. मग माझ्याकडे न बघता, समोरच्या भिंतीकडे बघत मोठ्याने म्हणाली:

“म्हणते, उघडायचं नसतं. उघडलं तर गोष्ट संपते, असं बाबा म्हणालेत. म्हणते, मी हातसुद्धा हलवले नाहीत.”

मी उठून गॅलरीत गेलो. वरच्या मजल्यावर कुणीतरी टीव्ही लावला होता आणि माझी मुलगी तिथे खणखणीत आवाजात ओरडत होती. कानात शिट्टी एवढी मोठी की गजाला धरून उभा राहिलो.

४ एप्रिल, गुरुवार

डॉक्टर म्हणाले, आता बोलू दे. ती बोलत नाही. कुजबूजही बंद. घसा बरा आहे, बॅटरी मारून दाखवलं मला. विचारलं की मान हलवते. बायकोने रजा वाढवली. मला म्हणाली, “तू जा कामावर. इथे बसून माझ्याकडे बघत राहू नकोस.” इतक्या दिवसांत तिने एवढंच सांगितलं.

स्टुडिओत गेलो आणि दिग्दर्शकाला म्हणालो, ते आवाज काढून टाका.

“तुझ्या मुलीचं ऐकून फार वाईट वाटलं रे,” तो म्हणाला. खरंच वाटलं असावं, त्याचे डोळे भरले होते. “पण आवाज आता चॅनलचे झाले. आणि पोरांना किंकाळी लागते, ती आली नाही तर गोष्ट सुरू झाल्यासारखी वाटत नाही. शिवाय कानसेन, राग मानू नकोस, पण टेक काय आलाय!”

माझ्याच्याने पुढे ऐकवलं नाही. त्या जहाजावरच्या मुलीचं वाक्य डोक्यात घणासारखं बसत होतं. भिंगरी मोठी होईल, कुठे कुठे जाईल, आणि ही किंकाळी रोज सहाला चालूच राहील. तिला परत बोलवायची गरजही पडणार नाही. तिच्यासाठी वाक्य लिहिणारं कोण उरलंय?

बाहेर सुसाटमावशी बसल्या होत्या. आज सुया पिशवीतच होत्या. त्या म्हणाल्या, “‘मी आलो, मी आलो’ करत मी काचेआड उभी असते रे. ती ओरडत होती तेव्हा सुसाट टीव्हीतून म्हणत असेल ना, ‘घाबरू नकोस, मी आलो’? आणि ती वाट बघत असेल.” मग त्यांनी तोंडाला पदर लावला. हा विचार मला सुचलाच नव्हता, आता जात नाही.

तरी संध्याकाळी नवा भाग समोर आला. छकुली गुहेत कोंडलेली, दार बाहेरून दिसतं, आतली छकुली दिसत नाही. किंकाळीची जागा कोरी. शनिवारी चॅनलला जायलाच हवा. मग मोठी किंकाळी उचलली आणि लावली. सांधा कळत नाही. कुणी बघत नव्हतं तरी मान वर करवेना.

५ एप्रिल, शुक्रवार

आज लवकर घरी आलो. भिंगरी खिडकीशी चित्र काढत होती, बायको कपडे घडी करत होती. आमचा टीव्ही बंदच असतो. सहा वाजले आणि खालून, आजींच्या घरातून, मोठी किंकाळी आली.

भिंगरीने खडू खाली ठेवला. सावकाश उभी राहिली. पाय जवळ घेतले आणि दोन्ही हात पाठीमागे नेले. बोटं एकमेकांत घट्ट.

ओरडली नाही. नुसती उभी राहिली, किंकाळी संपेपर्यंत. मग हात सोडले आणि पुन्हा खडू घेतला.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती होती. मला वाटलं होतं धक्का एकदाच बसतो आणि मग माणूस त्यातून बाहेर येतो. तसं नसतं.

मी आतून माझा छोटा रेकॉर्डर आणि माइक आणला. बायको म्हणाली, “खबरदार, तिला पुन्हा त्याच्यापुढे उभं केलंस तर.”

“ओरडायचं नाही,” मी म्हणालो. “मला फक्त कडीचा आवाज हवाय. गुहेच्या दाराला लावायचाय, किंकाळीच्या जागी.”

“चालेल त्यांना?”

“छकुलीचा ट्रॅक कुणी ऐकतच नाही.”

तिने घडी घातलेला टॉवेल बाजूला ठेवला. मग तिनेच भिंगरीला विचारलं, “जायचं का गं? मी आत तुझ्यासोबत थांबते. दार आपल्याला हवं तेव्हा उघडायचं.”

भिंगरीने मान हलवली.

बाथरूमला रंग लागला आहे आणि दार नवीन आहे, पण कडी जुनीच बसवली आहे. त्या दोघी आत, मी बाहेर, माइक दाराच्या फटीशी. आतून कडी लावल्याचा आवाज आला. मी कानावर हेडफोन दाबून धरले. आतला श्वास ऐकू येत होता, तिचा कुठला आणि आईचा कुठला तेही कळत होतं. फ्रॉक सळसळला.

आणि माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, “हात मागे, राणी—”

मी जीभ चावली. आत सगळं थांबलं. श्वाससुद्धा. मला वाटलं, संपलं सगळं.

मग हेडफोनमध्ये, अगदी जवळून, घोगरा, फाटका, ओळखू न येणारा आवाज आला. चिडलेला.

“हात मागे ठेवले तर कडी कशाने काढू, बाबा?”

आणि खट.

दुसऱ्या टेकची गरज पडली नाही.